अंबादासची नरडी

दोरीला दोन हिसके बसले. दोन म्हणजे ओढा. कमल आणि मी ओढायला लागलो.

माझी सत्तरी उलटलेली आणि अंबादासची बायको कमल चाळीस किलोची. दोरी विहिरीच्या कडेच्या दगडावर घासत होती, तिचे तंतू निघून माझ्या तळहातात घुसत होते. ओझं जड होतं, म्हणून आम्हाला बरं वाटलं. जड आहे म्हणजे अंबादासच वर येतोय, असं आम्ही धरून चाललो. तो श्वास सोडायचा तेव्हा पाण्यावर बुडबुड्यांचा घोळका यायचा. ओढता ओढता मी त्या बुडबुड्यांकडं बघत होते. एक मोठा घोळका आला, मग लगेच दुसरा, त्याहून मोठा. मग बारीक बारीक आले, चहा खाली उतरवल्यावर कडेला येतात तसे. मग आलेच नाहीत.

कमल म्हणाली, "काकू, थांबू नका."

मी थांबले नव्हते.

वर आला तो लोखंडी सिलिंडर. त्याच्या मानेला पितळी डबा आणि दोन काळ्या नळ्या. दोरीची गाठ नीट मारलेली होती, खुंट्याला म्हैस बांधतात तशी. अंबादासनं आपल्या कमरेची दोरी सोडून आधी ती या वस्तूला बांधली होती आणि मग दोन हिसके दिले होते.

आम्ही वाकून बघितलं. पाणी हिरवं होतं आणि हलत नव्हतं.

मी ओरडले. पलीकडच्या रानात ज्वारीची पेरणी चालली होती, तिथली माणसं धावत आली आणि कडेला उभी राहून आत बघायला लागली. कुणी म्हणालं गळ आणा, कुणी म्हणालं पोहणारा कोण आहे. आणि एकजण निव्वळ सवयीनं म्हणाला, "आरं, अंबादासला बलवा की."

तेव्हा कुणी हसलं नाही. नंतर गावात यावर पुष्कळ हसले.

मुरुम गावाच्या आसपास कुणाच्याही विहिरीत काही पडलं की अंबादासलाच बोलवायचे. पाण्यातली मोटर, पाइपाचा फुटव्हॉल्व्ह, गळ्यातलं डोरलं, मोबाईल, शेळी, माणूस. तो माझा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मधे एक भिंत आणि दोघांच्या रानाला मिळून एक विहीर, अर्धी माझी, अर्धी त्याची. तीस वर्षं मी त्याचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकलं. त्यात चांगला शब्द फार नव्हता.

दिसायला तो दणकट होता, मान आखूड, छाती पिंपासारखी. डोळे पाण्यानं कायम लाल. पण त्याला गर्व होता दातांचा. पंचावन्न वर्षांचा झाला तरी बत्तीसच्या बत्तीस जागेवर होते. रोज सकाळी ओट्यावर बसून अर्धा तास मशेरी घासायचा आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला दात दाखवायचा. म्हणायचा, पाणबुड्याचा जीव दातांत असतो, छातीत नाही. दात रबर सोडत नाहीत तोवर माणूस मरत नाही. मला म्हणायचा, "काकू, तुमाला पाण्यात सोडलं तर तोंडातनं नरडं निसटंल. तुमी आपल्या कोरड्यातच मरा."

नरडं म्हणजे रेग्युलेटर. तो शब्द त्याचाच. तरुणपणी मुंबईला गोदीत होता, जहाजांचे तळ खरवडायला पाण्यात उतरायचा. तिथून परत येताना खोकला आणला आणि एक रेग्युलेटर आणला. गावानं गॅसचा रेग्युलेटर बघितला होता, पंख्याचा बघितला होता. हा निराळाच. छोट्या ताटलीएवढा पितळी डबा, त्याला दोन बाजूंनी वळ्यावळ्यांच्या काळ्या नळ्या, आणि नळ्यांच्या मधोमध तोंडात धरायचं रबर. डबा सिलिंडरला बसवायचा, सिलिंडर पाठीला बांधायचा, आणि पाण्याखाली नळीतून श्वास घ्यायचा. गळा कापलेल्या बोकडाचं नरडं दिसतं तशाच त्या नळ्या दिसायच्या, म्हणून नाव पडलं. लोक विचारायचे, किती नरडी झाली? मरेपर्यंत त्याच्याकडं चार झाली होती.

चारही जुनी. कुणीतरी वापरून टाकलेली, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची. नवं त्यानं कधी घेतलं नाही. तालुक्याच्या एका साहेबानं, ज्याच्या सासऱ्याची मोटर त्यानं काढून दिली होती, नवा सेट मिळवून देतो म्हणून सांगितलं होतं. अंबादास त्याच्या तोंडावर म्हणाला, नव्यात प्लॅस्टिक असतं, ते तुमच्यासारखं, वरून चकचकीत आणि उघडता येत नाही. साहेब परत आला नाही.

जुनं नरडं विकत घेणं हे त्याचं एकच वेड. दुसरं व्यसन नव्हतं, दारूसुद्धा नाही. भंगारवाल्यांना त्यानं सांगून ठेवलेलं असायचं. पुढं मोबाईल आला तसे गोव्याचे, कोचीचे लोक त्याला फोटो पाठवायला लागले. फोटोवर तो भरवसा ठेवायचा नाही. म्हणायचा, फोटोत मढंसुद्धा गोरं दिसतं. तो फोन लावायचा, आवाज मोठा करायचा आणि पलीकडच्या माणसाला ते नरडं तोंडात धरून श्वास घ्यायला लावायचा. गल्लीतली माणसं ऐकायला जमायची. अंबादास डोळे मिटून, फोन कानाजवळ धरून हुकूम सोडायचा. "खेंचो. अब छोडो. आस्ते." पलीकडून घुर्र घुर्र आवाज यायचा, झोपलेल्या माणसासारखा. मधेच तो म्हणायचा, आतल्या पडद्याचं रबर कुजलंय, नको. एकदा म्हणाला, नरडं चांगलं आहे पण माणूस विड्या फार ओढतो, वर्षभरात मरंल, त्याच्या आत घेऊन टाकू.

हातात आलेल्या वस्तूची तपासणी निराळी. पहिल्यांदा वास घ्यायचा. मग रबर दातांनी चावून बघायचा. मग स्क्रूंची डोकी बघायचा. डोकं झिजलेलं असेल तर कुणा अडाण्यानं उघडलंय. सांध्याला हिरवा कळंक असेल तर खारं पाणी आत राहिलंय. आणि सगळ्यात शेवटी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, "हे कुणाच्या तोंडातनं काढलंय?"

विकणारे चपापायचे. कुणी म्हणायचं नेव्हीच्या साहेबाचं, कुणी म्हणायचं परदेशी टुरिस्टाचं. तो म्हणायचा, साहेब जित्ता हाय का मेला? मेला असेल तर कशानं? मेलेल्याचं चालायचं त्याला. फक्त नरड्यानं मेलेला नको.

चौथं नरडं घेतलं तेव्हा मी बरोबर होते. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन सोलापूरला होतं आणि ते दोघं त्याच दिवशी तिकडं निघाले होते. कमलच्या डोक्यावर बोचकं होतं. त्यात काय आहे ते मला माहीत होतं. सोलापूरचा भंगारवाला ओळखीचा, जहाजाचं पितळ त्याच्याकडं यायचं. तो नरडं पितळाच्या भावानं द्यायचा आणि बदल्यात पितळच घ्यायचा, वजनाला वजन. अंबादासच्या घरातली भांडी अशीच गेली होती. परात गेली, कळशी गेली, समया गेल्या. सगळी कमलच्या माहेरची. आता राहिली होती ती घागर.

भंगारवाल्यानं एका पारड्यात नरडं ठेवलं, दुसऱ्यात घागर. घागर कमी पडली. अंबादासनं कमलकडं बघितलं तसा तिनं बोचक्यातून तांब्या काढून दिला. पारडी बरोबर आली. भंगारवाला म्हातारा माणूस. घागर उचलताना त्याला काठावरची अक्षरं दिसली. लग्नात देताना आईनं घालून घेतलं होतं, 'चि. कमल हिस आईकडून'. तो घुटमळला. म्हणाला, "नाव हाय हो यावर."

अंबादास म्हणाला, "नावाला वजन न्हाई."

मग भंगारवाल्यानं आपल्या रोजच्या रीतीप्रमाणं घागर आडवी पाडली आणि हातोड्यानं चेपली, पोत्यात बसावी म्हणून. चार घाव लागले. कमल बघत होती. मी तिच्या तोंडाकडं बघितलं, तिथं काही दिसलं नाही.

परतीच्या एसटीत गर्दी होती. दोन जागा मिळाल्या. एकीवर अंबादास बसला, दुसरीवर त्यानं टॉवेलात गुंडाळलेलं नरडं ठेवलं, धक्का लागू नये म्हणून. मला कुणीतरी मागं जागा दिली. कमल नळदुर्गपर्यंत उभी होती. अंबादास टॉवेल उघडून डब्यावरच्या परदेशी अक्षरांवरून बोट फिरवत होता. एकदा तिला म्हणाला, "बग, याच्यावर बी नाव हाय."

त्याच्या कामाबद्दल बोलायचं तर कामात खोट नव्हती. पाण्यातून माणूस काढायचा तो त्यानं कधी गळ लावून काढला नाही. म्हणायचा, गळानं माणूस फाटतो, घरच्यांना फाटका कशाला द्यायचा. खाली जाऊन काखेखालून दोरी घालायचा, उभा वर आणायचा आणि पायऱ्यांवर निजवायचा. एवढं केल्यावर मात्र त्याचं तोंड सुटायचं.

मी माहेरी गेले असताना तिथल्या एका मोठ्या बागायतदाराची सून विहिरीत सापडली. पाय घसरून पडली म्हणाले. अंबादासनं तिला वर आणलं. सगळं गाव कडेला उभं होतं, तिचा सासराही, तिचा बापही येऊन पोचला होता. अंबादास पायरीवर बसून धापा टाकत होता. सासऱ्याला म्हणाला, "लई हलकी लागली. जेवाय देत न्हवता का?"

बापानं मटकन बसकण मारली. सासऱ्याच्या भावानं काठी उचलली आणि परत खाली ठेवली. विहिरी पुष्कळ होत्या आणि अंबादास एकच होता. त्यानं चहा मागितला. त्यांनी दिला. तो प्याला आणि कपात थोडा राहिलेला चहा तिथंच फेकला.

ही गोष्ट लोक त्याच्या कौतुकाची म्हणून सांगतात, खरं बोलायला भीत नव्हता म्हणून. मी त्या बापाकडं बघत होते. त्याला ते खरं त्या वेळी नको होतं.

आता कमलचं सांगते. मूलबाळ नव्हतं. त्यावरून तो बोलायचा तेवढं बोलायचाच, पण तिचा उपयोग त्यानं दुसरा काढला होता. नवीन आणलेलं प्रत्येक नरडं आधी कमलच्या तोंडात. आमच्या विहिरीत तिला उतरवायचा. पाठीला सिलिंडर, बुडायला वजन म्हणून कमरेला एक वरवंटा, कमरेलाच दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात. पहिल्या दिवशी एक पुरुष, म्हणजे माणूसभर, पाणी, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत तळापर्यंत. ती जिवंत वर आली की नरडं पास.

मी त्याला एकदा बोलले होते. त्यानं शांतपणे हिशोब सांगितला. "ती बुडाली तर म्या वढीन. म्या बुडालो तर ती वढंल का मला? चाळीस किलोची बाई. मग कुणी आदी जावं?" ओट्यावर चार माणसं बसली होती, त्यांनी माना डोलावल्या. हिशोबात चूक नव्हती, हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

आणि त्याच्या नरड्यांचं एक गुपित होतं, तो ते सगळ्यांना सांगायचा. करडईचं तेल. हातपंपाच्या चामड्याच्या वायसरला, स्टोव्हच्या पंपाला आमच्याकडं करडईचं तेल घालतात, वायसर मऊ राहतो. तसंच तो नरड्याला घालायचा. काम झालं की डबा उघडून आत, पडद्यावर, तरफेवर, सगळीकडं बोटानं तेल फिरवायचा आणि नरडं खुंटीला अडकवायचा. म्हणायचा, गोऱ्यांना हे माहीत नव्हतं म्हणून ते नरडी फेकून देतात.

करडईचं तेल काय करतं ते कुठल्याही बाईला विचारा. डब्याच्या तोंडाशी ओघळ राहिला तर महिन्याभरात चिकट होतो, दोन महिन्यांत मधासारखा पिवळा, मग नखानं खरवडून निघत नाही. मी चौथी शिकलेली, पण हे मला चौथीच्याही आधीपासून माहीत आहे.

कमललाही माहीत होतं. पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी दुपारी, तो जेवून आडवा झाला की ती नरडं पदराखाली घेऊन माझ्या परड्यात यायची. माझ्याकडं रिठे असायचे. ती रिठ्याचं पाणी कढवायची, अडकित्त्याच्या टोकानं डब्याचे स्क्रू फिरवायची, एकेक भाग त्या पाण्यात घासून तेलाचा अंश काढायची, चाळणीत सुकवायची आणि होतं तसं बसवून खुंटीला परत. तिच्या वेळचंही धुवायची, त्याच्या वेळचंही. वर्षानुवर्षं. मी एकदा विचारलं, त्याला सांगत का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं तर म्हणतील बाईनं हात लावला, आता इटाळलं. आन् मला तोंडात तेलाची चव सोसत न्हाई."

तो दुसऱ्या दिवशी नरडं तोंडात धरून श्वास ओढायचा आणि म्हणायचा, बघा, कसं लोण्यासारखं चालतंय. तेलाची करामत.

घागरीचं नरडं त्यानं दिवाळीनंतर तपासायला काढलं. विहीर भरलेली, पाच पुरुष पाणी. त्याचा पडदा फाटका निघाला होता, त्यावर त्यानं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं होतं. कमलनं आदल्या दिवशी धुताना मला ते दाखवलं, बोट लावलं की कड उचलत होती. वरच्या पाण्यात दोन दिवस ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला तळाला पाठवलं. मी तिथंच हौदावर कपडे धूत होते.

थोड्या वेळानं दोरीला दोन हिसके बसले. मला दिसले. त्याच्या हातातली दोरी दोनदा हलली.

मी म्हणाले, "अंबादास, ओढ."

तो म्हणाला, "भ्यालीय. ऱ्हाऊ द्या जरा. सवय हुईल."

परत दोन हिसके बसले. त्यानं दोरी हाताला गुंडाळली आणि धरून ठेवली, ओढली नाही. मी साबणाच्या हातानं उठले तोवर पाणी फुटलं आणि कमलचं डोकं वर आलं. तिची ती आली होती. पट्टे काढून सिलिंडर टाकला, वरवंट्याची गाठ तिनं स्वतः मारलेली होती, ती ओढून सोडली आणि हातापायांनी पाणी कापत वर आली. नाकातून रक्त येत होतं. पायरीला धरून ती ओकली, नुसतं पाणी.

अंबादास तिच्याकडं बघत नव्हता. तिच्या मागं पाण्यात बघत होता.

"नरडं कुठाय?" तो म्हणाला.

ती म्हणाली, "खाली."

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. मी मधे पडले असते तर मलाही लागलं असतं, म्हणून पडले नाही. ती उठली, पदर पिळला, आणि जाताना म्हणाली, "आता तुमी जावा. म्या दोरी धरते."

त्यानंतर ती विहिरीत उतरली नाही. आठ दिवस त्यानं शिव्या दिल्या, दोन दिवस जेवायला घातलं नाही, पण ती हलली नाही. गाळात पितळ खराब होतंय म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता. उन्हाळ्यात पाणी उतरेपर्यंत थांबणं त्याच्यानं होणार नव्हतं. आणि गावातल्या कुणाला मदतीला बोलवायची लाज, बायकोच्या पाठीवरून नरडं गेलं हे कळलं असतं. म्हणून सगळी माणसं पेरणीत असताना दुपारचं त्यानं मला बोलावलं. म्हणाला, काकू, दोरीला दोन हात जास्त बरे. तुमची बी इहीर हाय.

मी गेले. त्यानं खुंटीवरून जुनं नरडं काढलं, मुंबईहून आणलेलं, पहिलं. वैशाखात काम झाल्यावर तेल लावून अडकवलं होतं, तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. सगळा पावसाळा त्यावरून गेला होता. सिलिंडरला बसवताना डब्याच्या सांध्याशी मला तेल दिसलं. मधासारखं पिवळं.

कमल माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं.

मी बोलले असते तर त्यानं ऐकलं असतं का? नसतं. म्हणाला असता, बोळक्या तोंडाच्या बाईनं नरड्याचं सांगू नये. पण मी बोलले नाही, हे खरं आहे. आणि कमलही बोलली नाही.

त्यानं कडेला उभं राहून रबर दातांत धरलं आणि दोन श्वास ओढले. उन्हानं तेल मऊ झालं होतं, म्हणून चाललं. रबर काढून मला म्हणाला, "बगा काकू. सा म्हैने खुंटीवर, तरी लोणी." मग कमलला म्हणाला, "दोन हिसक्याला वढायचं. इचार करत बसायचं न्हाई." कमरेला दोन वरवंटे नायलॉनच्या दोरीनं बांधले, गाठीवर गाठ मारली. आणि गेला.

पुढचं मी आधीच लिहिलं आहे. त्याच्या दोन हिसक्यांना आम्ही विचार करत बसलो नाही. पहिल्याच हिसक्यापासून ओढलं. माझ्या हाताची निघालेली सालं अजून पुरती भरून आली नाहीत.

त्याला वर काढायला कुणी नव्हतं. दोन पोरं सूर मारून आली, अर्ध्यावर जाऊन परतली. शेवटी शेजारच्या गावातून गळ आणला, चार काट्यांचा, घागरी काढायचा. ऊन उतरेपर्यंत फिरवला. गळ लागला तो मांडीला. फाटायचं ते फाटलं. वर आला तो आडवा आला, डोकं खाली.

त्याला पायऱ्यांवर निजवलं तेव्हा मी जवळून बघितला. हाताची नखं मोडली होती, वरवंट्याच्या गाठीवर. नायलॉन ओलं झालं की गाठ सुटत नाही, हे दोरीत जन्म गेलेल्या माणसाला सांगायला नको होतं. आणि नरडं तोंडात होतं. रबर बत्तीस दातांत पकडलेलं, ओठ मागं गेलेले, हसल्यासारखे. दोघांनी ओढून बघितलं, निघेना. पोलीस म्हणाले राहू द्या. मग दवाखान्यात कात्रीनं कापून काढलं म्हणे आणि नरडं कमलला परत दिलं. त्यानं म्हटल्याप्रमाणं दातांनी रबर सोडलं नव्हतं. माझ्या तोंडात एकही दात नाही, आणि मी उभी राहून त्याच्याकडं बघत होते. माझ्या डोळ्यांपुढं तो येतो तो असाच येतो, सगळे दात दाखवत.

विहिरीत माणूस गेला की पाणी उपसून टाकावं लागतं. तीन दिवस मोटर चालवली. तळ दिसला तेव्हा गाळात कमलचा वरवंटा सापडला. तिनं तो धुऊन घरात नेला, अजून त्यावर चटणी वाटते.

तेरावा झाल्यावर माझ्या दुसऱ्या डोळ्यासाठी सोलापूरला जायचं होतं. कमल म्हणाली, मी पण येते. डोक्यावर बोचकं. भंगारवाल्यानं तिला ओळखलं. तिनं चारही नरडी त्याच्यापुढं ठेवली आणि माझी घागर द्या म्हणाली. तो म्हणाला, "बाई, ती कवाच वितळली." मग आत जाऊन दुसरी एक घागर घेऊन आला, अजून न चेपलेली. काठावर नाव होतं, कुणा सुशीलाचं, तिच्या मामांकडून. कमलनं ते बोटानं चाचपलं आणि घागर घेतली.

निघताना ती थांबली. चारांतलं एक नरडं उचलून तिनं बाजूला ठेवलं, ज्याचं तोंडातलं रबर कापलेलं होतं ते.

"हे माणसाच्या तोंडातनं काढलंय," ती म्हणाली. "घील त्याला सांगा."

भंगारवाला म्हणाला, "असलं कोण इचारतंय?"

"एकजण इचारायचा," ती म्हणाली. "आन् त्याला करडईचं तेल लावू नका म्हनाव. चिकटतंय."

एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. घागर मांडीवर घेऊन ती मुरुमच्या फाट्यापर्यंत झोपली.

त्या विहिरीत ते दोघंही उतरले होते. जिवंत आहे ती कमल.